गाडीच्या कपाळावरील पाटी

मोटारगाडी रस्त्यावर येते ती कपाळावर एक पाटी घेऊनच. गाडीचा रंग मालक निवडतो, आतील बैठक त्याच्या आवडीची असते, मागल्या काचेवर मुलांची नावेही तोच हौसेने लिहवून घेतो. पाटीवरील अक्षरे मात्र त्याच्या इच्छेनुसार लिहिली जात नाहीत. अक्षर किती उंच असावे, रेघ किती जाड असावी, मागची पार्श्वभूमी कोणत्या रंगाची असावी, हे सर्व कायद्याने ठरवून दिलेले आहे. असे का असावे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आपल्या गाडीचा क्रमांक आपल्याला पाठ असतो, शेजाऱ्याचाही ओळखीचा असतो. एवढ्यावर आपले समाधान होते.

परंतु ही पाटी मालकासाठी नाही आणि शेजाऱ्यासाठीही नाही. ज्याने आपणांस पूर्वी कधी पाहिले नाही व पुढेही कदाचित कधी पाहणार नाही, अशा अनोळखी माणसासाठी ती आहे. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पाटीचे सारे नियम सुसंगत वाटू लागतात. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या साध्या वस्तूचा थोडा सविस्तर परिचय करून देत आहोत. आमचे पुष्कळसे वाचक बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले असून त्यांचे आप्त महाराष्ट्रात पसरलेले आहेत. राज्यांच्या सीमा ओलांडणे ही त्यांच्या घरची नित्याची गोष्ट होय. त्यांना तर ही माहिती विशेष उपयोगी पडावी.

नावाऐवजी क्रमांक

मोटारगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पॅरिस शहराच्या पोलीसप्रमुखाने १४ ऑगस्ट १८९३ रोजी एक हुकूम काढला. प्रत्येक मोटारीवर मालकाचे नाव, त्याचा पत्ता व परवान्याचा क्रमांक धातूच्या पट्टीवर दिसेल असा लावावा, असे त्यात फर्माविले होते. घोड्याच्या गाडीचा वेग बेताचा असे, गाडीवान बहुधा गावचाच असे. नवी मोटार मात्र धूळ उडवीत क्षणात दृष्टीआड होई. तिने कोणास धक्का दिला तर दाद मागावी कोणाकडे? हा हुकूम निघाला तो या प्रश्नातून.

तथापि धावत्या गाडीवरील नाव व पत्ता कोण वाचणार? चार आकडे वाचता येतात व लक्षातही राहतात. म्हणून नाव व पत्ता सरकारी नोंदवहीत राहिला आणि गाडीवर केवळ त्या नोंदीची खूण आली. नोंदणीक्रमांक म्हणजे अशा रीतीने संक्षेपाने लिहिलेले मालकाचे नावच होय.

आपल्या देशात १९१४ साली मोटारगाड्यांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. त्याची जागा पुढे १९३९ च्या कायद्याने घेतली. सध्या चालू असलेला कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आज रस्त्यावर दिसणारी पाटी ही या शेवटल्या कायद्याची व त्याखालील १९८९ च्या नियमांची निर्मिती आहे.

पाटी कशी वाचावी

पाटीवरील मजकुराचे चार भाग असतात. प्रथम राज्याची दोन अक्षरे : महाराष्ट्राची एम. एच., कर्नाटकाची के. ए., गोव्याची जी. ए., गुजराताची जी. जे., मध्य प्रदेशाची एम. पी. त्यानंतर नोंदणी कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक येतो. बेळगावचा २२, चिकोडीचा २३, इंदूरचा ०९, ग्वाल्हेरचा ०७, बडोद्याचा ०६, कोल्हापूरचा ०९, वसईचा ४८. इंदूर व कोल्हापूर या दोहोंचा क्रमांक ०९ असला तरी आधीच्या राज्याक्षरांमुळे घोटाळा होत नाही. तिसऱ्या भागात मालिकेची एक किंवा दोन अक्षरे व चौथ्या भागात १ ते ९९९९ पर्यंतचा अनुक्रम असतो. दिल्लीसारख्या ठिकाणी या रचनेत थोडा फरक आहे. तेथे कार्यालयाच्या क्रमांकाला जोडून वाहनाचा प्रकार सांगणारे अक्षर येते, मोटारीस ‘सी’ तर दुचाकीस ‘एस’.

मालिकेची अक्षरे का लागतात, हे हिशेब केला म्हणजे कळते. केवळ चार आकड्यांवर भिस्त ठेवली तर एका कार्यालयाला ९,९९९ गाड्यांपलीकडे जाता येणार नाही. ‘आय’ हे अक्षर १ सारखे व ‘ओ’ हे शून्यासारखे दिसते, म्हणून ही दोन अक्षरे मालिकेत सहसा वापरीत नाहीत. उरलेल्या २४ अक्षरांपैकी एकेक अक्षर घेतल्यास २,३९,९७६ क्रमांक मिळतात आणि दोन अक्षरांच्या जोड्या घेतल्यास ५७,५९,४२४. दोन लहानशा अक्षरांनी एवढी मोठी सोय केली आहे!

मोटारीच्या पाटीवरील अक्षर ६५ मिलिमीटर उंच व त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असावी, असा नियम आहे. दुचाकीच्या मागील पाटीवर अक्षरे ३५ व आकडे ४० मिलिमीटर उंच असावे लागतात. ही मापे शोभेसाठी नव्हेत. घाबरलेल्या माणसाला, एका दृष्टिक्षेपात, काही अंतरावरून क्रमांक वाचता आला पाहिजे, हाच त्यांचा हेतू होय.

पाट्यांतून दिसणारा इतिहास

आमच्या वाचकांच्या गावांपुरते पाहावयाचे तर पाट्यांची अक्षरे ही जणू त्या गावांची बखरच आहे. १९८९ पूर्वी तीन अक्षरे व त्यांपुढे चार आकड्यांपर्यंतचा क्रमांक अशी पद्धत होती. मुंबई राज्याची अक्षरे बी. एम. ने सुरू होत, म्हैसूरची एम. वाय. ने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि १९८९ च्या नव्या पद्धतीत के. ए. ही अक्षरे आली. घर तेच, अंगण तेच, रस्ताही तोच. गाडीवरील अक्षरे मात्र पिढीगणिक निराळी.

बडोद्याचे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी ते शहर गुजरातेत आले. इंदूर व ग्वाल्हेर ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात व १९५६ साली मध्य प्रदेशात समाविष्ट झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. दमण व दीव यांसह तो केंद्रशासित होता, तोवर तेथील पाट्या जी. डी. या अक्षरांनी सुरू होत. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाला आणि नव्या पद्धतीत त्यास जी. ए. ही अक्षरे मिळाली. पणजीला ०१ व मडगावला ०२.

हैदराबादचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. तेथील गाड्यांवर आंध्र प्रदेशाची ए. पी. ही अक्षरे होती. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य जन्मास आले व टी. एस. ही अक्षरे सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या जागी टी. जी. आली. जुन्या गाड्यांची अक्षरे मात्र तशीच राहिली. त्यामुळे हैदराबादेतील एखाद्या घराच्या दारात आजोबांची गाडी ए. पी., वडिलांची टी. एस. व मुलाची टी. जी. असे तीन पिढ्यांचे दृश्य दिसले तर नवल नाही.

या इतिहासाचा बोध काय? आमच्या मते तो असा की, पाटीवरील अक्षरे गाडी कोठे नोंदली गेली एवढेच सांगतात. गाडीत बसलेला माणूस कोण आहे हे सांगत नाहीत. परराज्याची अक्षरे पाहताच कपाळाला आठ्या घालणारे लोक प्रत्येक शहरात आढळतात. भाषेचा वा पाण्याचा वाद पेटला म्हणजे तर अशा गाड्यांवर दगडही पडतात. आत कदाचित रुग्णालयात निघालेली वृद्धा असते, तर कधी लग्नाला निघालेले आपलेच सोयरे. जी अक्षरे चार वेळा बदलली ती कोणाचे शत्रुत्व ठरविण्यास प्रमाण मानणे, यासारखा दुसरा अविवेक नाही.

रंगांचा अर्थ

एकेकाळी खाजगी मोटारींची पाटी काळी व तिच्यावरील अक्षरे पांढरी असत. आज खाजगी गाडीची पाटी पांढरी व अक्षरे काळी असतात. भाड्याच्या मोटारी, मालमोटारी व प्रवासी गाड्या यांची पाटी पिवळी व अक्षरे काळी. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिलेल्या वाहनांची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात; गोव्यात येणारे पाहुणे फिरावयास घेतात त्या दुचाकींवर ती हमखास दिसते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हिरवी पाटी असते. खाजगी असल्यास तीवर पांढरी अक्षरे, भाड्याची असल्यास पिवळी. तात्पुरत्या नोंदणीची पाटी पिवळी असून अक्षरे तांबडी असतात. विक्रेत्याच्या ताब्यातील गाडीची पाटी तांबडी व अक्षरे पांढरी. परदेशी वकिलातींच्या पाट्या निळ्या असतात, आणि लष्करी वाहनांच्या क्रमांकात वर टोक केलेला बाण व वर्षाचे दोन आकडे दिसतात.

रंगाचा हा भेद प्रवाशाच्या हिताचा आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे देऊन बसणारा मनुष्य अशा वाहनात बसलेला असतो, ज्याला भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना नाही. अपघात घडल्यास विमा कंपनी नेमका हाच मुद्दा पुढे करते. कुटुंबातील मुलामुलींना रात्री-अपरात्री भाड्याच्या वाहनाने यावे लागते. बसण्यापूर्वी पाटीचा रंग पाहावा व क्रमांक घरी कळवावा, ही सवय त्यांना अवश्य लावावी.

या बाबतीत लहानमोठा असा भेद राहू नये, हेही आता मान्य झाले आहे. राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या गाड्यांवर पूर्वी क्रमांकाऐवजी केवळ राजमुद्रा असे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या गाड्यांवरही नोंदणीक्रमांक ठळकपणे असला पाहिजे, असा निर्णय दिला. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव सांगितले पाहिजे, मग तो कितीही मोठा असो.

न वाचता येणारी पाटी

असे असूनही आपण काय पाहतो? कोणी आकडे वाकवून त्यांतून ‘दादा’ किंवा ‘राम’ अशी नावे साधतो. कोणी ८०५५ या आकड्यांतून ‘बॉस’ उमटवितो. कोणी क्रमांक कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून मधली जागा जातीच्या, पक्षाच्या वा गावच्या नावाला देतो. तरुण मुलगे दुचाकीची पाटी मुद्दाम वर दुमडून ठेवतात. ही सारी हौस आहे असे म्हणून घरातील वडीलधारे हसतात. पण क्रमांक वाचता येऊ नये अशी व्यवस्था करणे म्हणजे तोंडावर फडके बांधून परक्याच्या दारात जाण्यासारखेच आहे.

देवनागरीतील पाटीविषयी येथे दोन शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. सीमाभागात व महाराष्ट्रात पुष्कळजण मराठीच्या अभिमानाने क्रमांक देवनागरीत लिहवून घेतात. मायबोलीचा अभिमान आम्हांसही आहे. तिच्याच सेवेत ही पाने निघतात. परंतु नियमाने अक्षरे रोमन व आकडे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो तेच असावे लागतात. त्याचे कारण उघड आहे. बेळगावची गाडी उद्या तमिळनाडूत जाईल, परवा बंगालमध्ये. तेथील साक्षीदाराला आपली लिपी येत नाही, आपल्याला त्याची येत नाही. म्हणून साऱ्या देशासाठी एकच खूण ठरविली आहे. भाषेचे प्रेम दाखविण्यास घर, शाळा, ग्रंथालय व रोजचे बोलणे अशी विस्तीर्ण क्षेत्रे मोकळी आहेत. पाटी ही परक्यासाठी आहे. ती परक्याला वाचता आली पाहिजे.

प्रश्न केवळ नियमभंगाच्या दंडाचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एकाच वर्षी भारतातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३० हजारांहून अधिक माणसांना ठोकरून गेलेले वाहन न थांबता निघून गेले होते. पायी जाणारा मजूर, सायकलवरील विद्यार्थी, पहाटे दूध घेऊन निघालेला मनुष्य रस्त्यात पडतो आणि गाडी पुढे जाते. त्या क्षणी त्याच्या कुटुंबाची सारी आशा पळत्या गाडीच्या मागील एका पट्टीवर खिळलेली असते. ती पट्टी स्वच्छ असेल तर विधवेला विम्याची भरपाई मिळते, मुलांचे शिक्षण चालू राहते. ती चिखलाने, फुलांच्या माळेने वा नक्षीने झाकलेली असेल तर ‘अज्ञात वाहन’ एवढेच शब्द कागदावर उरतात.

अशा अज्ञात वाहनाने अपघात झाल्यास कायद्याने काही रक्कम ठेविली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पूर्वी ती मृत्यूबद्दल २५,००० व गंभीर दुखापतीबद्दल १२,५०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपये झाली आहे. अपघात ज्या तालुक्यात वा उपविभागात घडला तेथील चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे, त्यासाठी अर्ज करावा लागतो. शेजारपाजारी असा प्रसंग ओढवल्यास आमच्या वाचकांनी ही माहिती त्या कुटुंबास अवश्य द्यावी व अर्ज लिहून देण्यास साहाय्य करावे. तसेच जखमीला मदत करणाऱ्या माणसास पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण दिले आहे. तेव्हा भीतीपोटी मान फिरवून जाण्याचे कारण उरलेले नाही.

बनावट पाट्यांना आळा बसावा म्हणून नवी सुरक्षित पाटी काढण्यात आली. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर ती आधीच बसविलेली येते. जुन्या गाड्यांवर ती बसवून घ्यावयाची आहे. ती ॲल्युमिनियमची असून अक्षरे ठशाने उठविलेली असतात. डाव्या कोपऱ्यात निळ्या छटेचे चकाकणारे अशोकचक्र व खाली लेसरने कोरलेला दहा आकडी क्रमांक असतो. तिची कडी एकदा बसली म्हणजे मोडल्याशिवाय निघत नाही. एका गाडीची पाटी काढून दुसऱ्या गाडीवर लावण्याचा धंदा यामुळे अवघड झाला आहे.

घरच्या माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगे

बदलीमुळे, लग्नामुळे वा म्हातारपणी मुलाकडे राहावयास गेल्यामुळे गाडी एका राज्यातून दुसऱ्यात जाते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास तेथील नवे नोंदणीचिन्ह घ्यावे लागते. त्यासाठी मूळ कार्यालयातून ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची संमतीही लागते. नव्या राज्यात कर भरल्यावर जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागता येतो. तो मागण्यास आळस करू नये. गाडी सीमेपलीकडे नेल्याचा दिवस सिद्ध करणारी एखादी पावती जपून ठेवावी, म्हणजे बारा महिन्यांच्या मुदतीविषयी रस्त्यात कोणाशी हुज्जत घालण्याची पाळी येत नाही.

वरचेवर बदल्या होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बी. एच.’ म्हणजे भारत मालिका सुरू झाली. तीत आरंभी वर्षाचे दोन आकडे येतात, त्यांपुढे बी. एच. ही अक्षरे, मग चार आकडे व शेवटी मालिकेची अक्षरे. लष्करातील लोक, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांतील नोकर यांना ती घेता येते. तिचा कर दोन दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी पाटी बदलत नाही.

मालकाच्या मृत्यूनंतर त्याची गाडी त्याच्याच नावे वर्षानुवर्षे चालविली जाते, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. दुःखाच्या दिवसांत कागदांची आठवण कोणाला होणार? तरीही वारसाने तीस दिवसांच्या आत कार्यालयास कळवावे व तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा, असा नियम आहे. गाडी विकली तरी नोंदणी बदललेली आहे याची खात्री करून घ्यावी. तसे न केल्यास उद्या परक्या हाताने केलेल्या अपघाताचा जाब आपल्याच दाराशी येतो, कारण नोंदवहीत नाव आपलेच असते.

शेवटी एक लहानशी सूचना. पावसाळ्यात गाडी धुताना पाटीवरूनही ओले फडके फिरवावे. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्या अनोळखी माणसाला कदाचित एके दिवशी आपले नाव वाचण्याची गरज पडेल, त्याचा एवढा मान आपण राखावा.